अनुपान

परवा वर्गात शिकवताना ‘अनुपान’ हा शब्द आला. अशा शब्दापाशी हल्ली मी मुद्दाम थांबते. जुने शब्द म्हणजे जुने शेजारी. आपण ओळख दाखवली नाही, तर पुढच्या वेळी तेही दाखवत नाहीत. मी विचारले, ‘‘याचा अर्थ कोण सांगेल?’’ वर्गात नेहमीची शांतता पसरली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, जेवणानंतरचं पान. म्हणजे विडा.’’

वर्ग हसला, मीही हसले. उत्तर चुकले असले तरी तर्क चुकला नव्हता. ‘अनु’ म्हणजे मागून येणारे, आणि पान तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते! मी सांगितले की, इथे पान म्हणजे पिणे. औषधाबरोबर किंवा औषधामागून जे घ्यायचे ते अनुपान. सितोपलादी चूर्ण मधातून चाटवतात, हिंग्वाष्टक चूर्ण तुपात कालवून पहिल्या घासाबरोबर देतात. तो मध, ते तूप, हे अनुपान. वैद्य नुसते औषध देऊन मोकळा होत नसे, ते कशाबरोबर घ्यायचे हेही सांगत असे. अनुपान चुकले तर चांगले औषधही गुण देत नाही, अशी त्या शास्त्राची समजूत.

मुलांनी अर्थ वहीत उतरवून घेतला आणि तास संपला. माझ्या मनातला तास मात्र चालूच राहिला. घरी येताना वाटत होते की, हा शब्द आपण मुलांना आज शिकवला खरा, पण आपल्याला तो नीट कळून दोन-तीन वर्षेच तर झाली! आणि तोही कोशाने शिकवला नाही. आईच्या औषधांच्या डब्याने शिकवला.

हा डबा मूळचा बिस्किटांचा. पत्र्याचा, चौकोनी, झाकणावर गुलाबाची फुले असलेला. त्यात एके काळी आमच्या घरची बटणे आणि दोऱ्याची रिळे होती. वय वाढत जाते तशी घरातल्या डब्यांचीही खाती बदलतात. आता त्यात रक्तदाबाची, थायरॉइडची, हृदयाची आणि ‘झोप आली नाही तर’ अशी वर्गवारी केलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. इमारतीला लिफ्ट नाही. ती बांधली तेव्हा तिसरा मजला चढायला माणसाला यंत्र लागते, ही कल्पना पेठेत कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

वडील गेल्यावर आम्ही दोघा भावंडांनी तिला आपापल्या घरी नेण्याचा खूप प्रयत्न केला. धाकटा भाऊ बॉस्टनला असतो, मी कोथरूडला. आईने दोघांनाही एकाच वाक्यात निकालात काढले. ‘‘बॉस्टन लांब पडतं,’’ ती म्हणाली, ‘‘आणि कोथरूड त्याहून लांब.’’ ज्यांचे आयुष्य पेठेत गेले आहे, त्यांना या वाक्यात विनोद दिसणार नाही.

माझ्या लहानपणी औषध घरी येत नसे. आपणच औषधाकडे जात असू. गल्लीच्या तोंडाशी आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. घरून रिकामी बाटली विसळून न्यायची. आतल्या खिडकीत कंपाउंडर बसत. ते गुलाबी रंगाचे मिक्स्चर बाटलीत ओतत आणि बाटलीला बाहेरून कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवत. त्या पट्टीला खाचा असत. एक खाच म्हणजे एक मात्रा. पुढे मात्रावृत्ते शिकवायची वेळ आली तेव्हा मला प्रथम आठवली ती ही कागदी पट्टी. कवितेत मात्रा चुकली तर चाल बिघडते, बाटलीतली चुकली तर नाडी. मराठीने दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे, तो काही उगाच नव्हे.

कंपाउंडर बाटली हाती देण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारत. ‘‘सकाळी काही खाल्लंस का?’’ ‘‘रात्री खोकला किती वेळा?’’ ‘‘मागचं औषध संपवलंस, की मोरीत ओतलंस?’’ या शेवटच्या प्रश्नाला मी खाली मान घालत असे. तेवढ्यावरून त्यांना सारे कळे. तेव्हा तो प्रश्न मला नसती चौकशी वाटे. औषध कडू, आणि चौकशी त्याहून कडू!

पुढे डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला आणि आमचा संबंध कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाशी आला. दुकानाचे मालक मूळचे तिरसट. दुपारी एक ते चार दुकान बंद, आणि त्या वेळेत आजारी पडणे हा त्यांच्या मते ग्राहकाचा दोष. सुट्ट्या पैशांवरून ते आईशी वर्षानुवर्षे भांडले. पण एकदा आई स्वतः खाली उतरून गोळ्या आणायला गेली, तेव्हा त्यांनी काउंटरवरून वाकून तिच्या पायांकडे पाहिले. ‘‘काकू, चपलेचा पट्टा रुततोय तुमच्या. पाय कधीपासून सुजतायत?’’ आईने ‘‘वय झालं’’ असे नेहमीचे उत्तर दिले. ते म्हणाले, ‘‘वय तुमचं झालं, पायाचं एकट्याचं कसं होईल? रक्तदाबाच्या या गोळीनं काहींचे पाय सुजतात. डॉक्टरांना दाखवा.’’ डॉक्टरांना दाखवले. त्यांनी गोळी बदलली आणि पंधरा दिवसांत सूज उतरली. आईने त्यांचे आभार मानले नाहीत. मात्र त्या महिन्यात ती सुट्ट्या पैशांवरून भांडली नाही.

वडील गेल्यानंतर आईची औषधे आणण्याचे काम माझ्याकडे आले. दर पंधरा दिवसांनी शनिवारी मी स्कूटरवरून पेठेत जाई, कोपऱ्यावरून गोळ्या घेई, तीन जिने चढे. वर गेल्यावर डबा उघडायचा, जुन्या पट्ट्या बाहेर, नव्या आत. मग पोहे, मग चहा, मग शेजारच्यांच्या सुनेच्या गोष्टी. दोन तास कसे जात ते कळत नसे. खरे सांगायचे तर ते कळत असे. तपासायच्या उत्तरपत्रिका घरी पडलेल्या असत आणि माझे एक डोळे घड्याळाकडे असे.

असे चालले असताना मार्च २०२० उजाडला. ९ तारखेला महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये पेठांचे रस्ते बांबू आणि पत्रे लावून बंद झाले. कोथरूड खरोखरच बॉस्टनहून लांब झाले. आईच्या डब्यात नऊ दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या नऊ दिवसांत मी किती फोन केले असतील याची मोजदाद नाही.

त्याच सुमारास, २६ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने एक अधिसूचना काढली होती. परवानाधारक दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी ई-मेलने आली तरी ती ग्राह्य धरावी आणि आपल्याच जिल्ह्यातील रुग्णाला औषध दारात पोहोचवावे, अशी मुभा तिने दिली. जुनाट दुखण्याची चिठ्ठी तीस दिवसांच्या आतली हवी, तात्पुरत्या दुखण्याची सात दिवसांच्या आतली. सरकारी भाषा एरवी मला शिकवण्यासाठीसुद्धा सोसत नाही. पण ती अधिसूचना मी एखाद्या पत्रासारखी दोनदा वाचली. टपाल खात्यानेही त्या काळात औषधांची पाकिटे घरोघर पोहोचवली. केरळात अग्निशामक दलाच्या जवानांनी कर्करोगाच्या रुग्णांना औषधे नेऊन दिली. आग विझवणारी माणसे गोळ्यांचे पुडके घेऊन दारात उभी राहिली, याहून चांगले दृश्य त्या वर्षात फारसे पाहायला मिळाले नसेल.

आमच्या घरी हे काम बॉस्टनने केले. भावाने तिथे बसून फोनवरून मागणी नोंदवली आणि तिसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर पुडके आले. आईने ते दारातच ठेवून चार तास उन्हात तापवले, मग साबणाच्या पाण्याने पुसले. पण औषध आले! त्या दिवशी मला जे हायसे वाटले, त्याला आजही मी नावे ठेवणार नाही.

टाळेबंदी उठली, घरपोच औषध मात्र राहिले. भावाने मागणी कायमची नोंदवून टाकली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुडके आपोआप येऊ लागले. आणणारा मुलगा बहुधा पेठेतल्याच एखाद्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा असे. आई त्याला पाणी विचारी, गाव विचारी, आणि ‘‘पास झालास की पेढे घेऊन ये, गोळ्या नकोत’’ असे सांगे.

आणि माझे शनिवार? ते हळूहळू गळाले. कोणी ठरवून काही केले नाही. औषध न्यायचे नाही म्हटल्यावर ‘या शनिवारी राहू दे, पुढच्या शनिवारी जाऊ’ असे होऊ लागले. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचा सण झाला. फोन रोज होत असे. ‘‘औषध आलं का?’’ ‘‘आलं.’’ ‘‘घेतलंस का?’’ ‘‘घेतलं.’’ एवढ्यात संभाषण संपे. मला वाटे, आपण चौकशी केली. आता वाटते, मी फक्त पोच घेत होते.

हा ‘पोच’ शब्द मोठा गमतीचा आहे. माल पोहोचल्याची पावती ती पोच. आणि माणसाला कुठे काय बोलावे, कसे वागावे याची जी समज असते, तिलाही आपण पोच म्हणतो. ‘त्याला काही पोचच नाही’ असे म्हणतो. घरपोच औषधात पहिली पोच पुरेपूर असते. पुडके निघाले, पुडके चौकात आले, पुडके दारात आले, असे सारे फोनवर कळत राहते. दुसरी पोच त्या पुडक्यात घालता येत नाही. ती कोणी तरी बरोबर आणावी लागते.

२०२३ च्या पावसाळ्यात आईला धडधड होऊ लागली. चार दिवस रुग्णालयात ठेवले. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधे बदलली आणि रुग्णालयाच्या औषध विभागाने महिनाभराच्या गोळ्या बांधून दिल्या. एक चांगला लांबलचक कागदही दिला. तो मीच वाचला. त्यात हृदयाची जुनी गोळी बंद, तिच्याऐवजी ही नवी, असे स्पष्ट लिहिले होते. मी तो कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला, आईला नवी गोळी दाखवली आणि म्हटले, ‘‘ही रोज सकाळी घ्यायची.’’ जुनी बंद करायची, हे सांगायचे राहून गेले. भावाला कळवायचेही राहून गेले. उत्तरपत्रिकेत मुलांनी एक ओळ गाळली तर मी अर्धा गुण कापते. इथे मी स्वतःच एक ओळ गाळली होती, आणि तिचे गुण आईच्या खात्यातून कापले जाणार होते.

ठरल्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात पुडके आले. त्यात जुनी गोळी होती. आपोआप येणाऱ्या वस्तूचा हाच गुण आणि हाच दोष. ती थांबवल्याशिवाय थांबत नाही. आईच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. मुलगा पाठवतो ती एक गोळी, मुलीने सांगितलेली ती दुसरी. मुलगा आणि मुलगी यांत तिने कधी भेदभाव केला नाही. ती दोन्ही घेऊ लागली.

सप्टेंबरात गौरी आल्या. गौरीजेवणाच्या दिवशी मी तिच्याकडे राहायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी भिंतीला धरून बसली होती. ‘‘काही नाही गं,’’ ती म्हणाली, ‘‘जरा गरगरलं. कालच्या पुरणानं असेल.’’ पुरणाच्या माथी एवढे मोठे पाप मीही निमूटपणे मारले. तिला उठवून पलंगावर बसवले. तेवढ्यात फोन वाजला.

फोन त्या रुग्णालयाच्या औषध विभागातून होता. पुढच्या महिन्याची औषधे ते घरी पाठवणार होते आणि पाठवण्याआधी तिथली फार्मासिस्ट रुग्णाशी बोलत असे. आवाजावरून मुलगी पंचविशीची वाटली. आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

‘‘आजी, चष्मा लावलाय ना? आता तुमच्याकडच्या सगळ्या पट्ट्या समोर घ्या. एकेक उलटी करा आणि लाल रेघेजवळ जे लिहिलंय ते वाचा.’’

‘‘अगं, ते इंग्रजीत असतं. आणि नावं तरी कसली! राक्षसांची वाटतात.’’

‘‘अक्षरं वाचा नुसती. मी लिहून घेते.’’

आईने वाचायला सुरुवात केली. जुन्या शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटे करून. थायरॉइडची झाली, रक्तदाबाची झाली. मग हृदयाची नवी पट्टी. ‘‘एम, ई, टी, ओ, पी, आर, ओ...’’ ‘‘बरोबर, आजी. पुढची?’’ आईने भावाकडून आलेली पट्टी हातात घेतली. समोरचे मोठे नाव निराळे, रंग निराळा, कंपनी निराळी. तिने ती उलटी केली. ‘‘एम, ई, टी, ओ, पी...’’

‘‘आजी, थांबा.’’

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. इथे माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

‘‘या दोन्ही एकाच औषधाच्या गोळ्या आहेत, आजी. दोन्ही घेताय का? कधीपासून? चक्कर येते का?’’ तिने भराभर विचारले, पण आवाज चढू दिला नाही. आज गोळी घेतली का, नाडी किती आहे, सारे विचारले. मी नाडी मोजली. ती फार मंद होती. ‘‘आज आणखी घेऊ नका. पण मनानं पूर्ण बंदही करू नका, हे औषध एकदम तोडायचं नसतं. मी डॉक्टरांशी बोलून दहा मिनिटांत फोन करते. तोवर एकट्या उठू नका.’’ आणि मग, वहीत भरायचा असावा तसा, शेवटचा प्रश्न : ‘‘आजी, तुम्हाला गोळ्या काढून कोण देतं?’’

‘‘माझी लेक देते की,’’ आई तत्काळ म्हणाली. ‘‘ही काय, इथेच बसलीय.’’

मी आयुष्यभर शब्द शिकवत आले आहे, पण त्या वेळी मला एकही सुचला नाही. लेकीने गेल्या तीन वर्षांत त्या डब्याला हात लावला नव्हता. आईला ते ठाऊक होते, मला ठाऊक होते. परक्या मुलीसमोर तिने माझी लाज राखली. लहानपणी कंपाउंडरांसमोर मी मान खाली घालत असे, तशीच त्या दिवशी घातली. मोरीत या वेळी औषध ओतले नव्हते, एवढाच फरक.

दहा मिनिटांनी नव्हे, आठव्या मिनिटाला फोन आला. डॉक्टरांनी तपासायला बोलावले, एक गोळी ठेवली, एक काढली. चार दिवसांत आई ताळ्यावर आली. चारच दिवसांत तिने मला ‘‘आता तू जा, तुझं कॉलेज बुडतंय’’ असे दोनदा सांगितले.

त्यानंतर मी या विषयात थोडे लक्ष घातले. औषध बनवणे आपल्या या शहराला अवघड नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पुण्याच्या उंबऱ्यावर पेनिसिलिन होऊ लागले. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ सालची, ती लशी बनवते. तिच्या लशी कुठल्याकुठल्या देशांत जातात. पेनिसिलिन जमले, लस जमली. अवघड आहेत ते शेवटचे तीन जिने.

ते जिनेही लोक परोपरीने चढत आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी ड्रोनने लशीच्या ३०० मात्रा नेल्या. बातमी वाचून मी टाळी वाजवली. पण पुढे मनात आले की, लस उडत गेली तरी ती टोचायला आणि ‘दंड दुखेल हं, घाबरू नका’ असे सांगायला खाली परिचारिका उभीच असणार. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलुखात उडत्या डॉक्टरांची संस्था १९२८ पासून काम करते. तिने १९४२ पासून दूरदूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या. औषधांना क्रमांक दिलेले. डॉक्टर शेकडो मैलांवरून रेडिओवर बोलत आणि अमुक क्रमांकाची गोळी द्या म्हणून सांगत. तिथे एक गोष्ट सांगतात की, एका गृहस्थाच्या पेटीतले नऊ क्रमांकाचे औषध संपले होते, म्हणून त्याने चार आणि पाच मिळवून दिले! खरी असो वा रचलेली, मला ती फार बोलकी वाटते. पेटी जवळ होती, औषधे जवळ होती, अंकगणितही बरोबर होते. फक्त त्या क्षणी विचारायला कोणी नव्हते. आमच्या घरी याहून निराळे काय झाले होते?

तमिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी एक योजना सुरू केली. तीत रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना घरी औषध मिळते; पण ते नुसत्या पुडक्याने येत नाही. गावातली आरोग्यसेविका येते, रक्तदाब पाहते, साखर पाहते आणि गोळ्या देते. म्हणजे औषधाबरोबर माणूस येतो. आपल्या कायद्यालाही हे नवे नाही. फार्मसीचा कायदा १९४८ सालचा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखालीच दिले जावे, असे औषधांचे नियम सांगतात. भिंतीवर लटकवलेल्या प्रमाणपत्राने ही देखरेख होत नाही. ती होते पायांकडे वाकून पाहणाऱ्या दुकानदाराने, नाही तर ‘एकेक अक्षर वाचा’ म्हणणाऱ्या मुलीने.

२०१८ साली सरकारने फोनवरून आणि संगणकावरून औषधे विकण्याच्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा २८ सप्टेंबरला देशभरच्या औषध विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला होता. दुकानात जाणे चांगले की दारात येणे चांगले, हा वाद तेव्हाही रंगला होता. मला आता त्यात एका बाजूने उभे राहता येत नाही. माझ्या आईच्या पायांची सूज दुकानात कळली आणि दोन गोळ्यांचा घोटाळा फोनवर कळला. पहिल्या वेळी विचारणारा दोन हातांवर होता, दुसऱ्या वेळी विचारणारी नदीपलीकडे. अंतर हा प्रश्नच नव्हता. औषध कुठून येते याला फारसे महत्त्व नाही. कोणी विचारून देते की न विचारता, याला आहे. मध आणि तूप आता राहिले नाही. आजच्या औषधाचे अनुपान म्हणजे चौकशी.

भावाने ती आपोआपची मागणी बंद केली. तो फोनवर फार खजील झाला होता. मी त्याला म्हटले, ‘‘तू इतक्या लांबून औषध तरी पाठवलंस. मी जवळ असून काय पाठवलं?’’ आता औषधे रुग्णालयातूनच घरी येतात. आधी त्या मुलीचा फोन येतो. आईने मधल्या काळात तिचे गाव, तिच्या घरचे आणि तिचे लग्न कुठे अडले आहे, हे सारे काढून घेतले आहे. चौकशी आता दोन्ही बाजूंनी होते!

मी पुन्हा शनिवारी जाते. दर शनिवारी, सकाळी साडेसहाला. नेण्यासारखे हातात काही नसते. पहिल्या दिवशी तर जिना चढताना उगाच चुकल्याचुकल्यासारखे झाले. आई दार उघडते, थायरॉइडची गोळी घेते आणि आम्ही डबा पुढे ओढून बसतो. सात दिवसांच्या गोळ्या सात खणांत. मी पट्टीवरचे नाव वाचते, आई ऐकून मान डोलावते. ती नावे आता तिला पाठ झाली आहेत. राक्षसांची वाटणारी नावे सवयीने पाहुण्यांची वाटू लागतात.

ती थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. तिच्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही, काही नाही. चहाशिवाय सदाशिव पेठेत सकाळचा अर्धा तास काढणे ही साधी गोष्ट नव्हे. मग आम्ही बोलतो. शेजारच्यांच्या सुनेपासून सुरुवात होते, आणि कधीमधी वडिलांपर्यंत जाते. परवाच्या शनिवारी मी तिला त्या मुलाचे उत्तर सांगितले. अनुपान म्हणजे जेवणानंतरचा विडा. आई पुष्कळ हसली. मग म्हणाली, ‘‘अगदीच चुकला नाही गं तो. पानाच्या निमित्तानं माणसं जेवणानंतर घडीभर बसायची तरी.’’

मी घड्याळाकडे पाहिले नाही. तिनेच पाहिले. ‘‘अर्धा तास होऊन गेला की,’’ ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून चहाचे आधण ठेवायला उठली.